तीर्थ यादीत नव्हतं

आमच्या स्वयंपाकघरात, मोरीच्या दारालगत, मी त्या आषाढात भिंतीवर एक कागद चिकटवला होता. रेशन ऑफिसातल्या रद्द फॉर्मची कोरी बाजू. वर 'पाणी' असं लिहिलं होतं आणि खाली घरात पाणी कशाकशाला लागतं ते: पिणं, चूळ भरणं, काकडी-कोथिंबीर धुणं, ताक घुसळणं, भांडी शेवटची विसळणं, मामंजींचा थर्मास. प्रत्येकापुढे ते पाणी उकळून घ्यायचं, की त्यात लाल औषध टाकायचं, की आहे तसं चालेल, एवढंच. यादी पूर्ण होती याबद्दल माझ्या मनात जराही शंका नव्हती. तेव्हा मी तिशीची होते, आणि मी केलेली यादी पूर्णच असते असं मला वाटायचं. आता पन्नाशी ओलांडली आहे. अजून रोज सकाळी यादी करते, पण खाली दोन ओळी कोऱ्या सोडते.

एकोणीसशे साठचं दशक अर्ध्याच्या पुढे सरकलं होतं. कॉलऱ्याची नवी साथ एकेक देश ओलांडत येते आहे, असं वर्तमानपत्रात अधूनमधून छापून यायचं. शेजारी नकाशा आणि त्यावर जाड बाण. बाण कोल्हापूरपर्यंत येईल असं शिवाजी पेठेत कुणालाच वाटलं नव्हतं. आला तेव्हा म्हातारी माणसं त्याला पटकी म्हणाली आणि शिकलेली माणसं गॅस्ट्रो म्हणाली. शिकलेल्यांना वाटत असावं, पटकी झोपडीत होते, गॅस्ट्रो आपल्यात.

घरात आम्ही तिघं. माझे यजमान वारणानगरला साखर कारखान्यात होते, शनिवारी रात्री यायचे आणि सोमवारी पहाटेच्या एसटीनं जायचे. मी रेशन ऑफिसात कारकून. सासऱ्यांना आम्ही मामंजी म्हणायचो आणि सासूबाईंना आत्याबाई. मामंजी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. पेठेत त्यांना सगळे 'सर' म्हणत. निवृत्तीनंतरची दोन वर्षं त्यांनी फार वाईट काढली. ऐकायला कुणी नसलं की ते आजारी पडत. साथ आली आणि त्यांना श्रोते मिळाले. हे मी रागानं लिहीत नाही, पाहिलं तसं लिहिते. गल्लीत पहिला माणूस दवाखान्यात गेला त्या दिवशी मामंजींनी कोट इस्त्रीला पाठवला.

गल्लीच्या तोंडाशी तालीम होती आणि तालमीला लागून मारुतीचा मंडप. तिथे रोज संध्याकाळी सहा वाजता त्यांची व्याख्यानं सुरू झाली. 'साथीच्या काळात कसे जगावे' असा फळ्यावर खडूनं लिहिलेला विषय. पहिल्या दिवशी वीस माणसं होती, आठवड्यात साठ झाली. निवृत्त कारकून, निवृत्त शिक्षक, त्यांच्या बायका, पेन्शनीतले एक पोस्टमास्तर. सगळी घाबरलेली. कुणी आपल्या भीतीला मोठं नाव देत असेल तर ऐकायला सगळी तयार. मामंजी सांगत, देह हा तुम्ही नव्हे. देहाला जे होतं ते तुम्हाला होत नाही. साक्षी व्हा. नदीच्या काठावर बसून पाणी वाहताना पाहतो तसं सुखदुःख पाहा. रोग प्रारब्धानं येतो आणि प्रारब्धानं जातो. खरी साथ भयाची आहे.

लोक माना डोलवत. घरी जाऊन अंगणातल्या उघड्या घागरीतलं पाणी पीत.

मामंजींच्या प्रारब्धाबद्दल एक सांगायला हवं. त्यांच्याकडे दोन छत्र्या होत्या, एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून. रस्ता ओलांडताना ते दोन्हीकडे पाहत. गळ्याला जून-जुलैतसुद्धा मफलर. गार पाण्यानं घसा बसतो म्हणून व्याख्यानाला जाताना माझ्याकडून थर्मास भरून घेत, आणि तो मी नीट भरला आहे का हे झाकण उघडून, वाफ चेहऱ्यावर घेऊन तपासत. मात्र टोचणीचे लोक गल्लीत आले तेव्हा ते ओसरीवरून म्हणाले, "सुईच्या टोकावर माणसाचं नशीब बसत नाही हो," आणि स्वतःच्याच वाक्यावर खूश होऊन आत गेले. मी दंड पुढे केला. आत्याबाई माझ्यामागे उभ्या होत्या, पदर खांद्यावरून सारलासुद्धा होता. मामंजींचं वाक्य ऐकलं आणि त्यांनी पदर परत ओढून घेतला.

"घ्या की टोचून, आत्याबाई," मी म्हटलं.

"यांना आवडायचं नाही."

"सुई त्यांना नाही टोचायची."

"तुझं आपलं काहीतरीच," म्हणून त्या आत गेल्या. तेव्हा मी आणखी जोर करायला हवा होता. पण नळाला पाणी यायची वेळ झाली होती आणि यादीत पुढचं काम होतं.

आत्याबाई रोज व्याख्यानाला जात. त्यांना त्यातलं किती कळत होतं कुणास ठाऊक, पण नवरा बोलतो आणि साठ माणसं ऐकतात हे त्यांना पाहायचं असे. मीच त्यांना पाठवायची. पावणेसहा वाजले की म्हणायची, "आत्याबाई, आटपा, उशीर होईल." कारण त्या गेल्या की मला दीड तास स्वयंपाकघर मोकळं मिळायचं. त्यांच्यासमोर दोन पातेली पाणी वीस मिनिटं उकळलं की रॉकेल जळतं म्हणून त्या हळहळत. मला हळहळ नको होती, उकळलेलं पाणी हवं होतं. आता पाण्याबद्दल.

व्याख्यान संपलं की मारुतीपुढच्या तांब्याच्या हंड्यातलं तीर्थ पळीपळीनं सगळ्यांना द्यायची पद्धत होती. पूर्वी हा हंडा तालमीच्या आडावरून भरत. साथ सुरू झाली तशी आडात पांढरी पावडर पडली आणि पाण्याला वास येऊ लागला. तालमीतली पोरं नाक मुरडून तेच पाणी पीत. मामंजींच्या श्रोत्यांना मात्र ते खपेना. तीर्थ तोंडात घेतलं की दवाखान्यात आल्यासारखं वाटतं, अशी तक्रार झाली. देवाला पावडर चालते का, असाही प्रश्न कुणीतरी काढला. मामंजींनी या प्रश्नावर पाऊण तास विचार केला असेल. शेवटी ठरलं की पोस्टमास्तर रोज सकाळी पंचगंगेवर आंघोळीला जातात, त्यांनी येताना नदीची एक कळशी आणावी आणि हंड्यात तीच ओतावी. वाहतं पाणी, शुद्ध पाणी. पोस्टमास्तरांना या कामाचा फार अभिमान. बायको मागेच वारलेली, घरी कुणी नाही, पोस्टात आयुष्य गेलं आणि आता सरांसाठी पाणी आणायला मिळालं. चिखल तुडवत, धोतर वर खोचून, खांद्यावर कळशी घेऊन ते गल्लीतून येत तेव्हा बायका बाजूला होऊन वाट देत.

मला हे माहीत नव्हतं. ऐकलं असतं तरी लक्षात आलं असतं का, सांगता येत नाही.

आषाढात आमच्याकडे नदीला नवं पाणी येतं. ते मडक्यांत भरून, मुलींच्या डोक्यावर देऊन, पी-ढबाक वाद्यांच्या तालावर वाजतगाजत टेंबलाईच्या टेकडीवर नेतात आणि देवीच्या पायरीवर ओततात. रोगराई जावी म्हणून. आमच्या गल्लीचं पाणी त्याच आठवड्यात निघालं. तालमीचे वस्ताद पुढे, पटका बांधून. मिरवणूक दारावरून गेली तेव्हा मामंजी ओसरीवर उभे राहून माझ्याकडे बघत म्हणाले, "पाहिलंस? दगडावर पाणी ओतून रोग जाईल असं यांना वाटतं. हे आपल्या देशाचं अज्ञान." त्या संध्याकाळच्या व्याख्यानात त्यांनी हेच अर्धा तास सांगितलं. आणि नंतर त्याच नदीचं पाणी साठ माणसांच्या तळहातावर घातलं.

मी एकच व्याख्यान ऐकलं, तेही बाहेरून. माझी पाळी होती. घरात शिवाशिव पाळणं आम्ही सोडलं होतं, पण देवळाची पायरी चढायची नाही एवढं उरलं होतं. आत्याबाईंची छत्री द्यायला गेले आणि पाऊस वाढला म्हणून मंडपाच्या वळचणीला उभी राहिले. त्या दिवशी मामंजी वेगळंच बोलत होते, ज्ञान कसं होतं याबद्दल. बहुधा आत्म्याचा साठा संपला असावा. डोंगरावर धूर दिसला की तिथे विस्तव आहे हे आपण न बघता ओळखतो, ते कसं? तर जिथे धूर तिथे विस्तव, जसा आपल्या चुलीत. याला अन्वय म्हणायचं. आणि जिथे विस्तव नाही तिथे धूरही नाही, जसा रंकाळा तलावात. हा व्यतिरेक. दोन्ही जुळले तर अनुमान पक्कं. एकच जुळलं तर थांबा, अजून शोधा.

मी छत्री मिटून ऐकत राहिले. आमच्या ऑफिसात बोगस कार्डं आम्ही अशीच शोधायचो, फक्त त्याला इतकं चांगलं नाव नव्हतं. आत मात्र लोक कंटाळले होते. पोस्टमास्तरांनी हात वर करून विचारलं, "सर, उद्या पुन्हा साक्षीवर घ्याल ना?"

"घेऊ, घेऊ," मामंजी म्हणाले. साठ माणसांचा जीव भांड्यात पडला.

दोन दिवसांनी आत्याबाई पहाटे मोरीतून बाहेर येईनात. दार ढकललं तर त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोळे आत गेलेले, बोटांची कातडी धुणं धुऊन होते तशी सुरकुतलेली. पायाखाली भाताच्या पेजेसारखं पाणी. मी मामंजींना हाक मारली. ते दारापर्यंत आले, आत पाहिलं आणि म्हणाले, "शांत राहा, सूनबाई. मन स्थिर ठेव."

"मन राहू द्या, रिक्षा बघा."

ते गेले, पण रिक्षा शेजारच्या माणसानं आणली. मामंजी कोपऱ्यावर उभे राहून कुणाला तरी परिस्थिती समजावून सांगत होते.

साथीचा दवाखाना गावाबाहेर होता. डॉक्टर तरुण होते, रात्रभर जागे दिसत होते. त्यांनी आत्याबाईंचा हात उचलून सोडला, तो तसाच खाली पडला. "फार पाणी गेलंय," ते म्हणाले. "आज दिवसभर सलाइन. संध्याकाळपर्यंत लघवी झाली तर आशा. टोचलं होतं का?"

"नाही."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही, त्याबद्दल मी त्यांची आजही आभारी आहे.

बाटल्या लावल्या गेल्या. मला करण्यासारखं काही उरलं नाही, आणि ते मला सहन होत नाही. वॉर्डात नजर फिरवली तर आमच्या गल्लीतलीच आठ माणसं. मी रेशन ऑफिसातली, गल्लीतलं प्रत्येक कार्ड मला पाठ. पिशवीतून कागद काढला आणि रकाने आखले: नळ, आड, दूध कुणाचं, बाहेरचं खाणं, टोचणी, व्याख्यान. शेवटचा रकाना का घातला, सांगता येत नाही. खाटेजवळच्या नातेवाइकांना विचारत फिरले. काहींचं पाणी नळाचं, काहींचं आडाचं. दूध तीन वेगवेगळ्या गवळ्यांचं. दोघांनी टोचून घेतलं होतं तरी आले होते. सगळे रकाने विस्कटलेले, एक सोडून. आठपैकी आठ व्याख्यानाला जात होते. त्यांच्याच घरातली, व्याख्यानाला न जाणारी सुना-मुलं ठीक होती.

व्याख्यानानं माणसाला झोप येते, जुलाब होत नाहीत. मी आत्याबाईंच्या कानाशी वाकले.

"आत्याबाई, व्याख्यानाला काही खाता का तिथे?"

"न्हाई गं." आवाज विहिरीतून यावा तसा.

"फुटाणे, साखर, काही वाटतात?"

"काही न्हाई."

"पाणी पिता?"

"पाणी कोण पितंय तिथं." त्या डोळे मिटून पडल्या. मी उठणार तेवढ्यात म्हणाल्या, "तीर्थ तेवढं."

"तीर्थ कुठलं? आडाचं?"

"न्हाई. नदीचं. मास्तर आणतात." आणि मग, एवढ्या ग्लानीतही जरा अभिमानानं, "मला हे दोनदा देतात."

कॉरिडॉरमध्ये येऊन मी स्वतःला जे म्हटलं ते इथे लिहीत नाही. माझ्या भिंतीवरच्या यादीत चूळ होती, कोथिंबीर होती, भांड्यांची विसळण होती. तीर्थ नव्हतं. तीर्थाला मी पाण्यात धरलंच नव्हतं. आत्याबाईंनीही धरलं नव्हतं, साठ माणसांपैकी कुणीच धरलं नव्हतं. पाणी निवांत उकळता यावं म्हणून मी त्यांना रोज हाताला धरून तिकडे धाडत होते.

साडेपाच झाले होते. आत्याबाईंजवळ शेजारच्या बाईंना बसवलं आणि रिक्षा केली. मला वाटलं होतं, आज मंडपात अंधार असेल. बायको दवाखान्यात असलेला माणूस व्याख्यान देणार नाही, इतकी अक्कल मामंजींना असेल असं मी धरलं होतं. पण मंडपात नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. बायको मरणाच्या दारात असताना सर आले, वेळेवर आले, हेच ते समत्व, अशी कुजबुज बाहेरपर्यंत ऐकू येत होती. मामंजी खुर्चीवर बसून थर्मासच्या झाकणातून घोट घेत होते.

दारात वस्ताद उभे होते. "वैनी, आत्याबाईस्नी कसं हाय?"

"सलाइन चालू आहे. वस्ताद, तुमच्या पोरांपैकी कुणाला जुलाब झालेत?"

"न्हाय की. एकालाबी न्हाय."

"पाणी कुठलं पितात?"

"आडाचंच. वास येतोय म्हणून शिव्या देत्यात आन् पित्यात. का वो?"

तो व्यतिरेक होता. त्याच मंडपाच्या भिंतीला लागून रोज घाम गाळणारी पंचवीस पोरं, आणि एकही आजारी नाही. मी पायरी चढले.

"मामंजी, थोडं बोलायचंय."

"व्याख्यान झाल्यावर, सूनबाई."

"व्याख्यान झाल्यावर तीर्थ असतं. त्याच्या आधी बोलायचंय."

मी कागद काढला आणि वाचला. कोण कुणाच्या घरातलं, पाणी कुठलं, दूध कुठलं. आवाज चढवला नाही. ऑफिसात वाचतात तसं वाचलं. वाचून झाल्यावर मी म्हटलं, "आठ जणांत सारखी गोष्ट एकच, या हंड्यातलं तीर्थ. हा अन्वय. तालमीतली पोरं तीर्थ घेत नाहीत, आडाचं पावडरचं पाणी पितात, एकही आजारी नाही. हा व्यतिरेक. परवा तुम्हीच शिकवलंत, मामंजी."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "तीर्थानं कधी कुणाला बाधलंय का हो?" दुसऱ्यानं विचारलं, "मग सर कसे ठणठणीत? ते तर रोज असतात."

"तेच विचारते," मी म्हटलं. "मामंजी, तुम्ही तीर्थ घेता का?"

त्यांनी थर्मासचं झाकण लावलं. फिरवून फिरवून घट्ट लावलं.

"माझा घसा..." ते म्हणाले. "गार चालत नाही मला."

एक बाई फिसकन हसली. तेवढ्यात पोस्टमास्तर उठले. चेहरा लाल झालेला. "सरांच्या घशाची गोष्ट वेगळी आहे. पाणी मी आणतो. माझ्या पाण्याला नाव ठेवताय, सूनबाई? बघा." त्यांनी हंड्यात फुलपात्र बुडवलं, काठोकाठ भरलं आणि सगळ्यांसमोर एका दमात प्याले. मिशा पुसल्या. मग त्यांनी मामंजींकडे पाहिलं.

मामंजी त्यांच्याकडे पाहत होते. नदीच्या काठावरून पाहावं तसे. थांबा म्हणायला तोंड उघडायचं होतं फक्त. ज्या माणसानं पाणी का नको हे आत्ताच स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं, त्यानं ते उघडलं नाही.

वस्तादांनी हंडा उचलला. भरलेला तांब्याचा हंडा, पण त्यांनी तो कमरेवर घागर घ्यावी तसा घेतला आणि बाहेर पायरीवर पालथा केला. पाणी दगडावरून गटारात गेलं.

"सर," ते आत न येताच म्हणाले, "आम्ही अडाणी. आम्ही टेंबलाईला दगडावर वततो. तुम्ही माणसांच्या नरड्यात वतलासा की वो."

त्या संध्याकाळबद्दल मला लोकांनी नंतर बरंच शाबास म्हटलं. मी ते घेत नाही. मंडपात शिरल्याबरोबर वस्तादांना सांगून हंडा पालथा करायला लावला असता तर वाचायची गरजच नव्हती. पण मला यादी वाचायची होती. माझं बरोबर आहे हे साठ माणसांसमोर, त्यांच्याच शास्त्रानं सिद्ध करायचं होतं. माझं वाचून झालं म्हणून पोस्टमास्तरांना उत्तर द्यावंसं वाटलं. मामंजींना साक्षीभावाची हौस होती, मला रकान्यांची. दोन हौशींच्या मध्ये पोस्टमास्तर उभे राहिले आणि प्याले.

आत्याबाईंना त्या रात्री लघवी झाली. डॉक्टरांनी स्वतः येऊन सांगितलं आणि मी पहिल्यांदा त्यांना हसताना पाहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पोस्टमास्तरांना आणलं, आत्याबाईंच्या खाटेपासून तिसऱ्या खाटेवर. मामंजी त्या दिवशी पहिल्यांदा दवाखान्यात आले. तोवर बायकोला भेटायला आले नव्हते. नाकाला रुमाल लावून दारात उभे राहिले. पोस्टमास्तरांनी उठायचा प्रयत्न केला. दुसऱ्या दिवशी ते गेले.

मंडपात शोकसभा झाली. मामंजी फार सुंदर बोलले. निर्भयता म्हणजे काय हे आपल्या या मित्रानं दाखवून दिलं, असं म्हणाले. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. तीर्थ नव्हतं.

आत्याबाई आठ दिवसांनी घरी आल्या, निम्म्या झालेल्या. तिसऱ्या दिवशी मी त्यांना पेज भरवत असताना मामंजी दारात येऊन उभे राहिले.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुम्ही तीर्थ का घेत नव्हता?"

"सांगितलं ना. घसा."

"घशासाठी? का तुम्हाला ठाऊक होतं?"

"काय ठाऊक असणार मला?"

"मग मला दोनदा का देत होता?"

मामंजी छत्री घेऊन बाहेर गेले. त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, हे मला आजही ठरवता येत नाही. अन्वय आहे, व्यतिरेक नाही. त्यांच्या नियमानं इथे थांबून अजून शोधायला हवं, पण ते आता नाहीत, आणि असते तरी घसा म्हणाले असते.

आत्याबाईंनी एक केलं. त्यांना लिहिता येत होतं, जेमतेम. बऱ्या झाल्यावर त्यांनी माझी पेन्सिल मागितली आणि भिंतीवरच्या कागदावर सगळ्यात वर, 'पिणं'च्याही वर, वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं, 'तिर्थ'. पुढे उकळायचं की नाही ते लिहिलं नाही. ते मी लिहिलं.

पुढच्या आषाढात साथ नव्हती, पण लोकांना व्याख्यानं हवी होती. मंडप तालमीचा, म्हणून मंडळी वस्तादांकडे परवानगीला गेली. वस्ताद म्हणाले, "घ्या की. आमचं काय न्हाय. फकस्त तीर्थाची पयली पळी सरांनी घ्यायची. सगळ्यांच्या म्होरं. आन् फुलपात्रानं घ्यायची, मास्तरांगत."

मामंजी संतापले. दोन दिवस जेवताना त्यावरच बोलले. श्रोत्यांशिवाय त्यांना राहवत नव्हतं, पण अटही मागे घेतली जाणार नव्हती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते कोट घालून स्वयंपाकघराच्या दाराशी आले. आत कधी यायचे नाहीत. त्या दिवशीही उंबऱ्यापाशीच थांबले. स्टोव्हवर मोठं पातेलं होतं आणि त्यासमोर आत्याबाई पाटावर बसल्या होत्या, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. वीस मिनिटं त्या स्वतः मोजत. रॉकेलबद्दल आता हळहळत नसत.

"सूनबाई," मामंजी हळू आवाजात म्हणाले, "तीर्थाचं पाणी... उकळलंय ना?"

मी उत्तर देणार होते. आत्याबाईंनी मान न वळवता हातानं मला थांबवलं.

"अजून सात मिनिटं," त्या म्हणाल्या. "थांबा तिथंच."

ते थांबले.